दगड कुणी दिला?

दोस्तांनो, तुमची कधी कुणाशी कट्टी झाली आहे का? झालीच असणार! शाळेत जाणारा आणि कट्टी न केलेला मुलगा किंवा मुलगी मला अजून भेटायची आहे.

आज मी तुम्हाला दोन कट्ट्यांची गोष्ट सांगणार आहे. पहिली होती जगातल्या दोन बलाढ्य देशांची. ती चाळीसहून अधिक वर्षं चालली. दुसरी माझी आणि माझ्या मित्राची. ती जेमतेम पंधरा दिवस टिकली. पण खरं सांगतो, पहिली कट्टी मला कळली ती दुसरीमुळेच.

माझं बालपण केडगावात गेलं. आता केडगाव नगर शहरातच मिसळून गेलं आहे आणि नगरचं नावही २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. आम्ही लहान होतो तेव्हा मात्र केडगाव म्हणजे शहराच्या वेशीबाहेरचं गाव. पुण्याकडून येणारी एस. टी. आधी केडगावात थांबायची, मग नगरला. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला माणसांची रीघ लागायची. एरवी ज्वारीची वावरं, कांद्याच्या चाळी आणि बांधावरचे निंब, एवढंच आमचं जग.

आणि हो, रणगाडे! नगर हे रणगाड्यांचं गाव. आपल्या लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. वारं आमच्या दिशेला असलं की के. के. रेंजवरच्या सरावाचे धमाके घरात ऐकू यायचे. आजी जात्यावरचा हात न थांबवता म्हणायची, "चाललं त्यांचं!" नगर स्टेशनात ताडपत्री पांघरलेले रणगाडे मालगाडीवर दिसले, की आम्ही पोरं ते मोजत उभी राहायचो.

१९८४ साल. मी सहावीत होतो. माझा एक जिवाभावाचा मित्र होता. वर्गात मला सगळे 'रशिया' म्हणायचे आणि त्याला 'अमेरिका'. का माहीत आहे? वह्यांच्या कव्हरांमुळे!

माझे वडील पुण्याला गेले की रशियन पुस्तकं घेऊन यायचे. मराठीत भाषांतर केलेली, जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची आणि अगदी स्वस्त. सोबत 'सोव्हिएत लँड' पाक्षिकाचे जुने अंक. त्याच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं आई माझ्या वह्यांना घालायची. माझ्या भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर होता, गणिताच्या वहीवर अंतराळवीर. मित्राचे मामा मुंबईला नोकरीला. ते त्याला 'स्पॅन' हे अमेरिकेचं मासिक पाठवायचे. त्याचाही कागद तसाच गुळगुळीत. त्याच्या वह्यांवर उंच इमारती आणि चंद्रावर उतरलेला माणूस. झालं! आम्हाला नावं पडली. पुढे तर अर्धा वर्ग माझ्या बाजूला आणि अर्धा त्याच्या बाजूला.

तुम्हाला वाटेल, वह्यांच्या कव्हरांवरून कुणी भांडतं का? पण त्या काळात सगळं जगच असं विभागलेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ (आपण सगळे त्याला सरसकट 'रशिया'च म्हणायचो) हिटलरविरुद्ध एकाच बाजूने लढले. १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि दोघांचं फाटलं. अमेरिका म्हणायची, जमीन, कारखाने, दुकानं माणसांच्या खाजगी मालकीची हवीत, ज्याने त्याने आपला धंदा करावा, नफा कमवावा. ही भांडवलशाही. सोव्हिएत संघ म्हणायचा, कारखाने आणि जमीन सगळ्यांच्या, म्हणजे सरकारच्या ताब्यात हवीत, कुणी मालक नको, कुणी मजूर नको. हा साम्यवाद. दोघांनाही वाटायचं, आपलंच खरं आणि साऱ्या जगाने आपल्याच मागे यावं.

मग समोरासमोर युद्ध का झालं नाही? कारण दोघांकडे अणुबॉम्ब होते. अमेरिकेकडे १९४५ पासून, रशियाकडे १९४९ पासून. एकाने टाकला तर दुसरा टाकणार आणि कुणीच उरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून ते एकमेकांवर थेट चालून गेले नाहीत. नुसते धुमसत राहिले. याला म्हणतात शीतयुद्ध. म्हणजे कट्टीच, पण खिशात हजारो बॉम्ब ठेवून घेतलेली!

आपण कुणाच्या बाजूला होतो? भारताने ठरवलं होतं की आपण कुणाच्याच गटात जायचं नाही. दोघांशी बोलायचं, दोघांकडून हवं ते घ्यायचं. आपल्या महाराष्ट्रातच बघा ना. पवईचं आय. आय. टी. १९५८ मध्ये सुरू झालं ते युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राची यंत्रं अमेरिकेची. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला, ती विमानं रशियाची. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी अमेरिकेची लाल 'मिलो' ज्वारी खाल्ली आणि १९७३ मध्ये रशियाने आपल्याला वीस लाख टन गहू उसना दिला. आजी म्हणायची, "भाकरीला कुणाचा झेंडा नसतो रे बाबा. मिलो बेचव होती, पण जगवलं तिनं."

आजीला कळत होतं ते आम्हाला मात्र कळत नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये राकेश शर्मा रशियाच्या यानातून अंतराळात गेले. काय सांगू माझा थाट! जणू यान मीच उडवलं होतं. मित्राचा चेहरा उतरला. मग मे महिन्यात बातमी आली की लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला रशिया जाणार नाही. चार वर्षांपूर्वी मॉस्कोच्या ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला होता, आता रशियाची पाळी. मित्र ओरडतच आमच्या दारात आला, "रशिया घाबरला! रशिया घाबरला!" मीही काहीबाही बोललो. त्याच्या मामांवर बोललो. तो तसाच वळला आणि निघून गेला. झाली कट्टी.

आता नीट लक्ष देऊन वाचा, कारण यापुढचं सांगायला मला अजूनही जड जातं.

सुट्टी होती. आम्ही दोघांनी आपापली 'फौज' जमवली. मळ्याच्या बांधावर एक मोडकी बैलगाडी उभी होती. ती आमची टी-५५, म्हणजे रशियन रणगाडा. समोरचा उकिरडा हा त्यांचा पॅटन, म्हणजे अमेरिकन. हत्यार बेचकी आणि गोळ्या म्हणजे हिरव्या लिंबोळ्या. लिंबोळीशिवाय काही मारायचं नाही, असा नियम ठरला होता. पण गंमत बघा, मी आणि माझा मित्र, आम्ही दोघं सेनापती! आम्ही काही बेचकी चालवली नाही. आम्ही मागे उभे राहून हुकूम सोडत होतो. पुढे होती लहान पोरं. माझ्याकडून चौथीतला एक मुलगा, त्याच्याकडून तिसरीतला एक. ते दोघं एकाच वाड्यात राहणारे सख्खे चुलतभाऊ. सकाळी एका ताटात जेवलेले!

खेळता खेळता माझ्या मनात आलं, की अमेरिकेकडे नक्की खडी असणार. तो नियम पाळणारच नाही. मग आपणच मागे का राहायचं? रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या ढिगातली मूठभर खडी मी खिशात भरून आणली होती. मी त्या चौथीतल्या पोराच्या हातावर ती ठेवली आणि म्हटलं, "घे. बिनधास्त मार. मी आहे ना!"

त्याने मारली. समोरून किंकाळी आली.

तिसरीतला मुलगा डोळा धरून खाली बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं. दगड भुवईवर लागला होता. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. नगरला नेऊन तीन टाके घातले. आणि "मी आहे ना" म्हणणारा मी कुठे होतो? मी घरी पळालो आणि पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिलो. मे महिन्यात!

चौथीतल्या मुलाला त्याच्या आईने बदडलं. "दगड कुणी दिला?" असं तिने दहा वेळा विचारलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. सेनापतीचं नाव सांगायचं नसतं, असं मीच त्याला शिकवलं होतं. इकडे दोन जावांची तोंडं फुगली. जुन्या गोष्टी निघाल्या, विहिरीच्या पाळीच्या, बांधाच्या. तिसऱ्या दिवशी वाड्याच्या अंगणात मधोमध तुराट्यांचा कूड उभा राहिला. दोन्ही चुलतभाऊ कुडाच्या फटीतून एकमेकांकडे बघत बसायचे. मी रोज तिथून पाणी आणायला जायचो आणि मान खाली घालून परत यायचो.

माझ्या मित्राचे वडील लष्करातून निवृत्त झालेले. चिलखती दलात हवालदाराला दफेदार म्हणतात. म्हणून गावात सगळे त्यांना दफेदार काका म्हणायचे. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. त्यांनी हाक मारली.

"काय रे रशिया, इकडे ये. तुझं नि आमच्या अमेरिकेचं बिनसलंय म्हणे?"

मी गप्प. मित्र आत दाराआड उभा होता, तेही मला दिसत होतं. काकांनी मला ओट्यावर बसवलं.

"पॅटन बघितलास का कधी? मी बघितलाय. पासष्ट साली पंजाबच्या सरहद्दीवर. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले. का दिले? तर म्हणे, रशियाशी लढायला! आले आमच्यावर. आणि आम्ही कशात बसलो होतो, सांग बघू?"

"टी-५५ मध्ये," मी म्हणालो.

"टी-५५ नंतर आले. मी होतो शर्मनमध्ये. शर्मन कुणाचा? तोही अमेरिकेचाच. दुसऱ्या महायुद्धातला. इकडून अमेरिकेचा रणगाडा, तिकडून अमेरिकेचा रणगाडा, आणि अमेरिकेचा एक माणूस तिथं नाही. मरणारे आपण नि ते. फाळणीच्या आधी आमच्या दलात एकाच पलटणीत जेवलेली माणसं."

काका थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "हे बघ, आपल्या जमिनीसाठी लढलो, त्याचं मला कधी वाईट वाटणार नाही. घरात कुणी घुसलं तर उभं राहावंच लागतं. पण त्यांना एवढे रणगाडे मिळालेच नसते, तर एवढी हिंमत झाली असती का? लढणारा दिसतो रे सगळ्यांना. हातात हत्यार देणारा दिसत नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. लांब रस्त्याकडे बघत होते. त्यांना खडीचं ठाऊक होतं का? मला आजतागायत माहीत नाही. पण माझे कान तापले.

पुढे मोठा झाल्यावर मी या लढाईबद्दल वाचलं. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावी ती लढाई झाली. आपल्या जवानांनी शेतांत पाणी सोडलं, उसात दबा धरला. जड पॅटन चिखलात रुतले. शंभराच्या आसपास रणगाडे पाकिस्तानने तिथे गमावले. जीपवरच्या तोफेने पॅटन उडवणारे अब्दुल हमीद तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. 'ही शस्त्रं भारताविरुद्ध वापरली जाऊ देणार नाही' असा भरवसा अमेरिकेने १९५४ मध्येच आपल्याला दिला होता. म्हणजे तेही म्हणाले होते, "मी आहे ना!" आणि रशिया साधुसंत होता असं समजू नका. १९७१ मध्ये तो आपल्या मागे उभा राहिला हे खरं, पण १९६८ मध्ये त्यानेही पाकिस्तानला शस्त्रं द्यायचं कबूल केलं होतं. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, जगात जागोजागी हेच झालं. भांडण दोन मोठ्यांचं आणि टाके धाकट्यांना.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, "खडी मी दिली होती. तुझ्याकडेही होती ना? आपण दोघं जाऊन काकूंना सांगू या का?" चिठ्ठी मित्राच्या धाकट्या बहिणीच्या हाती पाठवली. थोड्या वेळाने तोच कागद परत आला. मागे लिहिलं होतं, "माझ्याकडे खडी नव्हती. पण मीच त्याला पुढे ढकललं होतं. पाच वाजता ये."

त्याच्याकडे खडी नव्हतीच! तो धाकच मुळी खोटा होता. मोठ्यांचंही असंच झालं होतं बरं का. १९६० च्या सुमारास अमेरिकेत ओरड झाली की रशियाची क्षेपणास्त्रं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. नंतर कळलं की प्रकार उलटाच होता. पण तोवर दोघांनीही कारखाने जोरात चालवले होते. १९८६ मध्ये जगातल्या अणुबॉम्बची संख्या साठ हजारांच्या वर गेली होती. समोरच्याकडे असेल, या भीतीपोटी!

पाच वाजता आम्ही दोघं त्या वाड्यात गेलो. कुडाच्या अलीकडे एकदा सांगितलं, पलीकडे एकदा सांगितलं. माझे पाय लटलटत होते. एका काकूने मला चांगलंच सुनावलं. दुसरी काहीच बोलली नाही, नुसती डोळ्याला पदर लावून बसली. ते जास्त लागलं. "दगड मी दिला. त्याला उगाच मारलंत," एवढं मात्र मी बोललो.

कूड लगेच निघाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो दिवाळीपर्यंत तसाच होता. मोठ्यांची भांडणं आपण पेटवू शकतो, पण विझवणं आपल्या हातात राहत नाही. पोरं मात्र दुसऱ्याच दिवशी कुडाखालून सरपटत एकमेकांकडे गेली. दिवाळीत पाऊस-वाऱ्याने तुराट्या मोडल्या आणि त्या कुणी पुन्हा उभ्या केल्या नाहीत. तिसरीतल्या त्या मुलाच्या भुवईवर आजही पांढरी रेघ आहे. भेटला की हसून बोलतो. माझी नजर मात्र आधी त्या रेघेवर जाते.

गंमत म्हणजे, त्या दोन बलाढ्य देशांनाही शेवटी चिठ्ठीच लिहावी लागली. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून ते तेरा दिवस अगदी युद्धाच्या उंबरठ्यावर होते. तेव्हा एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचायला तासन्‌तास लागायचे. त्या भीतीनेच १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तार जोडली गेली. सिनेमात लाल टेलिफोन दाखवतात ना? तसं काही नव्हतं. तो टेलिप्रिंटर होता, शब्द टाइप करून पाठवायचं यंत्र. म्हणजे चिठ्ठीच! कारण बोलताना माणूस भडकतो, लिहिताना जरा विचार करतो. पुढे १९८७ मध्ये त्यांनी एका प्रकारची क्षेपणास्त्रं पूर्ण नष्ट करायचा करार केला, १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच विसर्जित झाला. बॉम्ब मात्र सगळे गेले नाहीत. आजही जगात बारा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतले बहुतेक अमेरिका आणि रशिया यांच्याकडेच.

नगरला सोलापूर रस्त्यावर १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मागे मी मुलीला घेऊन गेलो होतो. मित्रही आला होता. हो, आमची दोस्ती अजून टिकून आहे! तिथे हिरवळीवर अमेरिकेचे पॅटन उभे आहेत आणि रशियाचा टी-५५ ही. एकमेकांचे कट्टर वैरी, एकाच उन्हात तापत, एकाच माळ्याने लावलेल्या फुलांच्या कडेला. दफेदार काका आता नाहीत. मुलीने विचारलं, "बाबा, यांतला चांगला कोणता?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मित्र म्हणाला, "बेटा, कुणी बनवला, ते पाटीवर वाच. मग कुठे लढला, ते वाच. दोन्ही गावं एकच आहेत का बघ."

ती एकेक पाटी वाचत गेली. बराच वेळ परत आली नाही.

दोस्तांनो, सुट्टीत नगरला आलात तर तुम्हीही त्या पाट्या वाचा. आणि पालकांनो, मुलांचं भांडण झालं की आपण "मारलं कुणी?" एवढंच विचारतो. कधीतरी "दगड कुणी दिला?" हेही विचारून बघा.

आणि तुम्ही मुलांनी एवढं नक्की करा. तुमच्या हातात दगड ठेवून कुणी म्हणालं, "मार तू, मी आहे ना!" तर दगड खाली ठेवा आणि त्याला शांतपणे विचारा, "मग तू का नाही मारत?"

त्या चौथीतल्या मुलाने मला हे विचारायला हवं होतं. त्याने विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.